कामगाराचे कान आणि आनुवंशिकता

गिरणीतून किंवा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आपले वडीलधारे मोठ्याने बोलतात. दाराची कडी वाजलेली त्यांना कळत नाही. कोणी म्हणतो, वय झाले. कोणी म्हणतो, त्यांच्या घराण्यातच आहे. या दुसऱ्या उत्तराविषयी आम्हांस थोडे लिहावयाचे आहे.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा अवयव असतो. त्यात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. ध्वनीने त्या हलतात व मज्जातंतूला संदेश देतात. वर्षानुवर्षे गोंगाट सोसून त्या मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपासचे ऐकणे जाते. मग ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी अक्षरे निसटतात. बोलणे ऐकू येते, पण कळत नाही. म्हणूनच ‘मला ऐकू येते’ असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो!

आवाज 3 डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील तज्ज्ञ संस्थेने 8 तासांसाठी 85 डेसिबल ही मर्यादा सुचविली आहे. त्या हिशेबाने 100 डेसिबलच्या खात्यात पंधरा मिनिटेच थांबावे.

पण एकाच खात्यात तितकीच वर्षे राबलेल्या दोघांपैकी एकाचेच कान जास्त का जातात? येथे जनुकांचा प्रश्न येतो. प्रयोगशाळेतील उंदरांच्या काही जाती त्याच आवाजाने लवकर बहिऱ्या होतात. स्वीडन व पोलंडमधील कामगारांच्या अभ्यासातही काही जनुकांचा संबंध आढळला. मात्र एकेका जनुकाचा वाटा लहान आहे. शिवाय जनुक कच्चे असले तरी कान फोडतो तो गोंगाटच.

हे ज्ञान मालकाच्या हाती कसे वापरले जाते? अमेरिकेत बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे या रेल्वे कंपनीने मनगटाच्या नसेच्या विकाराची भरपाई मागणाऱ्या कामगारांच्या रक्ताची, त्यांना न सांगता, जनुकीय तपासणी केली. 2001 साली सरकारी आयोगाने खटला भरला. 2002 मध्ये 22 लाख डॉलरवर तडजोड झाली. 2008 साली तेथे अशा वापराविरुद्ध कायदा झाला.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत धाग्याला तोंड लावावे लागते, विटाळ होतो, या सबबीने अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेबांनी हाच प्रश्न उचलला. तेव्हा जात पाहून खाते ठरे. उद्या रक्त पाहून ठरू नये. खात्यातून माणूस काढण्याऐवजी आवाज काढावा: यंत्राला आवरण घालावे, झिजलेले भाग बदलावेत, कामाच्या पाळ्या फिरवाव्यात. कानातले बोळे हा शेवटचा उपाय.

नोकरीस लागताना व पुढे दरवर्षी ऑडिओग्राम करून घ्यावा आणि त्याची प्रत घरी ठेवावी. पहिला ऑडिओग्राम नसला, तर कान कामावरच गेले हे पुढे सिद्ध करणे कठीण जाते. तपासणीपूर्वी किमान 14 तास गोंगाटापासून दूर राहावे. रात्रपाळी संपवून थेट तपासणीस जाऊ नये.