गुरुनिष्ठा आणि पीडितांचा विसर
अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक जो पॅटर्नो यांना ९ नोव्हेंबर २०११ रोजी पदमुक्त केले आणि हजारो विद्यार्थी निषेधार्थ रस्त्यावर उतरले. पॅटर्नो यांचे माजी सहायक जेरी सँडस्की यांच्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते. २००१ मधील एक प्रकार कानी आल्यावर पॅटर्नो यांनी तो वरिष्ठांना कळविला, पोलिसांना नाही. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ४६ हंगाम संघ घडविणाऱ्या गुरूचा बळी दिला जात होता. त्यांना पीडित मुलांचा विसर पडल्याची टीका मात्र देशभर झाली. दोनच दिवसांनी विद्यार्थ्यांनीच त्या मुलांसाठी मेणबत्त्या पेटविल्या. २०१२ मध्ये सँडस्की ४५ आरोपांत दोषी ठरले. गुरुनिष्ठा आदरास पात्र खरी. परंतु तिच्या जयघोषात पीडितांचा आवाज बुडता कामा नये, हाच त्या संतापाचा अर्थ होता.