एकरी उतारा आणि दोन लाखांचे कार्ड

एप्रिलमध्ये भाच्याचा फोन आला. "मामा, ५०९० घेऊ का?" पुण्यात नोकरीला लागून त्याला तीन वर्षे झाली आहेत. कॉलेजपासूनचे गेमिंगचे वेड नोकरीतही सुटलेले नाही. साठवलेले सव्वादोन लाख आता एका ग्राफिक्स कार्डात घालावेत, असे त्याच्या मनात होते. तासाभराने धाकट्या बहिणीचा फोन. "दादा, दोन लाखांचं असं काय असतं रे त्यात? तेवढ्यात आमच्या गच्चीची गळती थांबेल."

मी शिकलेला अभियंता नव्हे. दुरुस्तीच्या टेबलाशी बसून आणि कंपन्यांची तांत्रिक पत्रके वाचून जेवढे उमजले तेवढीच माझी विद्या. पण दोघांचेही प्रश्न रास्त होते. म्हणून वही काढली आणि आकडेमोड सुरू केली. तिचाच हा गोषवारा.

कार्ड नेमके करते काय?

संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात, एकूण ८२,९४,४००. खेळ सुरळीत दिसायचा तर ही रांगोळी सेकंदाला किमान ६० वेळा पुसून नव्याने काढावी लागते. म्हणजे सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके. प्रत्येकाचा रंग ठरवताना उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, पाण्यात काय दिसते, हा हिशेब वेगळाच. मुख्य प्रोसेसर कोण कुठे उभा आहे ते ठरवतो. रंग भरण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. हजारो छोटे गणन-घटक एकाच वेळी हे काम वाटून घेतात.

एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स आरटीएक्स ५०९० हे कार्ड ३० जानेवारी २०२५ रोजी बाजारात आले. त्यात असे २१,७६० घटक आहेत आणि ३२ जीबी स्मृती आहे. अमेरिकेतली जाहीर किंमत १,९९९ डॉलर, भारतातली २,१४,००० रुपयांपासून पुढे. घरगुती खेळांसाठी याहून वेगवान कार्ड तेव्हा बाजारात नव्हते, हे आधीच मान्य करतो. प्रश्न वेगाचा नाही. तो वेग कशातून आला आणि आपल्या किती उपयोगाचा, हा आहे.

शेत वाढवले की उतारा वाढला?

आमच्या भागात उसाचा फड चांगला झाला म्हटले की पुढचा प्रश्न येतो, एकरी किती टन? दोन एकर जास्त लावून टनेज वाढवणे वेगळे आणि त्याच एकरात जास्त पिकवणे वेगळे. चिपला हीच फूटपट्टी लावून पाहू.

२०२० च्या आरटीएक्स ३०९० ची चिप ६२८ चौरस मिलिमीटरची होती आणि तिच्यात २,८३० कोटी ट्रान्झिस्टर होते. २०२२ च्या ४०९० ची चिप आकाराने थोडी लहानच, सुमारे ६०९ चौरस मिलिमीटर; पण ट्रान्झिस्टर ७,६३० कोटी. कारण मधल्या काळात कंपनीने सॅमसंगची जुनी निर्मितीपद्धत सोडून तैवानच्या टीएसएमसीची बरीच सूक्ष्म पद्धत घेतली होती. एकरी उतारा जवळजवळ पावणेतीनपट झाला. ही खरी झेप.

आता ५०९०. चिप ७५० चौरस मिलिमीटर, ट्रान्झिस्टर ९,२२० कोटी. भागाकार केला तर दर चौरस मिलिमीटरला सव्वाबारा कोटींच्या आसपास. ४०९० चा आकडा साडेबारा कोटी. म्हणजे उतारा होता तिथेच आहे, किंबहुना तसूभर कमी. निर्मितीपद्धत त्याच पिढीची राहिली, म्हणून कंपनीने शेत वाढवले.

बाकीचे आकडे याच वाटेने जातात. ४०९० पेक्षा गणन-घटक ३३ टक्के जास्त, विजेची मर्यादा ४५० वॉटवरून ५७५ म्हणजे २८ टक्के जास्त, डॉलरमधली किंमत २५ टक्के जास्त. आणि फोर-के पडद्यावर खेळाचा प्रत्यक्ष वेग? साधारण पाव ते एक तृतीयांश जास्त. जेवढे घातले तेवढे निघाले. एक सुधारणा मात्र अस्सल आहे: नव्या जीडीडीआर-७ स्मृतीमुळे आणि रुंद केलेल्या मार्गामुळे चिप आणि स्मृती यांच्यातली वाहतूक सेकंदाला १,००८ जीबीवरून १,७९२ जीबीवर गेली.

मधली चित्रे

मग जाहिरातीत दुप्पट-तिप्पट वेगाचे आलेख दिसतात ते कुठून येतात? जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड ४०९० ची कामगिरी देईल असे सांगितले होते. त्यामागचे रहस्य 'मल्टी फ्रेम जनरेशन'.

हाताने कार्टूनपट काढायचे तेव्हा मुख्य चित्रकार हालचालीचे पहिले आणि शेवटचे चित्र काढून देई. मधली चित्रे साहाय्यक भरत. येथे साहाय्यकाचे काम कृत्रिम बुद्धिमत्ता करते. कार्ड एक चित्र खरोखर गणित करून काढते आणि पुढची तीनपर्यंत चित्रे अंदाजाने भरते. ६० चित्रांची २४० होतात आणि डोळ्यांना हालचाल मऊ दिसते.

पण मधले चित्र काढायला दोन्ही टोके हातात लागतात. म्हणून पुढचे खरे चित्र तयार झाले तरी क्षणभर अडवून धरावे लागते. शिवाय आपण माउस हलवला याची दखल फक्त खरी चित्रे घेतात. पडद्यावर २४० दिसत असले तरी हाताला प्रतिसाद ६० चा, किंवा त्याहून किंचित मंदच. खरी चित्रे ६०-७० असतील तर ही सोय उत्तम. २५ असतील तर चित्र मऊ आणि हात जड, असा विचित्र अनुभव येतो. फसवणूक नव्हे, पण तो वेगही नव्हे. तुलनेच्या तक्त्यात हे दोन आकडे एका रकान्यात लिहू नयेत.

वीज आणि उष्णता

५७५ वॉटने रोज चार तास खेळले तर महिन्याला ६९ युनिट. प्रत्येक खेळ एवढी ओढत नाही, पण ही वरची मर्यादा. युनिटला दहा रुपये धरले तर ६९० रुपये. हा खर्च फारसा नाही. उष्णतेचे तसे नाही. घेतलेली सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणून उतरते. कार्ड आणि बाकीचा संगणक मिळून ८०० वॉट धरले, तर एक टनाच्या एसीची पाव हिश्श्याच्या आसपास ताकद फक्त संगणकापायी जाते. पुण्याच्या एप्रिलमध्ये हे जाणवतेच.

आणखी एक बाब. कार्डाला वीज १२ व्होल्टने मिळते, म्हणजे ५७५ वॉटसाठी जवळपास ४८ अँपिअर. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगची पिन केवढी जाड असते ते आठवा. येथे हा प्रवाह सहा बारीक पिनांत वाटला जातो, प्रत्येकी सरासरी आठ अँपिअर. एखादी पिन नीट बसली नाही तर तिचा भार बाकीच्यांवर येतो. कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी २०२२ मध्ये ४०९० बाबत आल्या आणि २०२५ मध्ये ५०९० बाबतही. म्हणून केबल पूर्ण आत बसवणे आणि ती कनेक्टरपाशी न मुरडणे, हे दुकानदारावर सोडू नये.

गिऱ्हाईक बदलले

एवढी किंमत का, याचे एक उत्तर कंपनीच्या ताळेबंदात आहे. जानेवारी २०१६ अखेरच्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा खेळांचा होता. जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षात एकूण १३०.५ अब्ज डॉलरपैकी खेळांचे ११.४ अब्ज, तर डेटा सेंटरचे ११५ अब्ज. ५०९० मधली चिपही पूर्ण चिप नाही. २४,५७६ पैकी २१,७६० घटकच तिच्यात चालू असतात. याच चिपचे २४,०६४ घटक चालू असलेले आणि ९६ जीबी स्मृतीचे रूप व्यावसायिकांसाठीच्या कार्डात जाते. खेळणारा माणूस आता पंगतीत आहे, पण मानाच्या पाटावर नाही.

मग घ्यावे का?

त्रिमितीय चित्रणावर किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांवर ज्याचे पोट आहे, त्याला ३२ जीबी स्मृती पैसे मिळवून देईल. त्याने जरूर घ्यावे. फक्त खेळणाऱ्याने आधी पडदा पाहावा. भाच्याचा मॉनिटर २,५६० बाय १,४४० चा. त्यात ३६,८६,४०० ठिपके, म्हणजे फोर-केच्या निम्म्याहून कमी. अशा पडद्यावर ५०९० चे काम लवकर उरकते आणि मग ते प्रोसेसरची वाट पाहत बसते. ५०८० मध्ये ५०९० च्या निम्मे घटक आहेत आणि किंमतही निम्मी, १,०७,०००. फोर-केवरही दुप्पट पैशांत वेग मिळतो तो साधारण दीडपट.

भाच्याने शेवटचा मुद्दा काढला. "पण मामा, एकदा घेतलं की चार-पाच वर्षं बघायला नको." त्यावर त्याला ३०९० ची गोष्ट सांगितली. २०२० मध्ये १,४९९ डॉलरला घेतलेल्या त्या कार्डाला २०२३ च्या जानेवारीत ७९९ डॉलरच्या ४०७० टीआयने बहुतेक खेळांत गाठले, तेही कमी विजेत; स्मृती तेवढी निम्मी. उतारा वाढला की महागडे कार्ड असे लवकर जुने होते. मात्र या खेपेला ७४९ डॉलरच्या ५०७० टीआयला ४०९० ला गाठता आले नाही, कारण उतारा वाढलाच नव्हता. म्हणजे शेत वाढवलेल्या वर्षी सर्वांत महागडे कार्ड घेणारा पुढच्या झेपेची जोखीम पूर्ण किमतीला विकत घेतो.

मी 'घेऊ नको' म्हटले नाही. पैसे त्याचे, कष्ट त्याचे. वहीची पाने तेवढी पाठवली. त्याने ५०७० टीआय घेतले. महिन्याभराने त्याच्याकडून एक तक्ता आला. पाच खेळ, प्रत्येकापुढे दोन रकाने: 'खरी चित्रे' आणि 'दिसणारी चित्रे'. खाली एक ओळ होती. "मामा, आईला सांग, गच्चीसाठी पावसाआधी लाखभर पाठवतोय."