चारित्र्य पडताळणीत नाव अडले, तर?

भरती जवळ आली की पौडपासून ताम्हिणीपर्यंत गावोगावची पोरं पहाटे धावू लागतात. मैदान मारले, लेखी परीक्षा झाली, यादीत नाव लागले. आणि मग पोलीस पडताळणीत जुना खटला निघतो. बांधावरची मारामारी, नाहीतर जत्रेतला दंगा. नेमणूक नाकारल्याचे पत्र येते. घरचे म्हणतात, "संपलं सगळं!" पण तसे नसते.

शिक्षा झाली एवढ्यावरून माणूस कळत नाही, हे मुळशीला सांगायला नको. १९२१ साली धरणाविरुद्ध इथे सत्याग्रह झाला, सेनापती बापटांसह कित्येकजण तुरुंगात गेले. गुन्हा काय होता, हे पाहावेच लागते.

२०१६ साली अवतार सिंग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याविषयीचे नियम घालून दिले. कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली, तरी अधिकाऱ्याला ती माफ करता येते. गंभीर गुन्हा लपवला, तर नोकरी जाऊ शकते. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळेलच असेही नाही. पण मग निदान खोटेपणाचा ठपका तरी बसत नाही.

आता दाद कशी मागावी? पत्र मिळाल्याची तारीख लिहून ठेवा. भरलेल्या फॉर्मची प्रत आणि कोर्टाच्या निकालाची प्रमाणित नक्कल मिळवा. ती जोडून नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करा व नकाराची कारणे मागा. तिथे न्याय मिळाला नाही, तर राज्याच्या नोकरीसाठी, पोलीस शिपायाच्या सुद्धा, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तिथे अंतिम हुकमापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या दलांसाठी उच्च न्यायालयात जावे. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर पुण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे मोफत मदत मिळते.

गुरुजी, फॉर्म भरायला पोरं तुमच्याकडेच येतात. 'कधी खटला झाला होता काय?' या रकान्यापाशी कुणीतरी हळूच म्हणतो, "लिही, नाही." त्या वेळी त्याचा हात धरा. निर्दोष सुटला असला, तरी विचारले असेल तर 'होय, सुटलो' असेच लिहायला सांगा. जुन्या भांडणाची बाजू पुढे मांडता येते. खोट्या उत्तराची मांडणे फार जड जाते.