मूत्रपिंडांची अदलाबदल : जोड्या जुळविण्याचे गणित

मुंबई, प्रतिनिधी

पतीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. पत्नी आपले एक मूत्रपिंड देण्यास तयार, तिची प्रकृतीही उत्तम. पण पतीचा रक्तगट 'ए' आणि पत्नीचा 'बी'. डॉक्टर नकार देतात आणि घरातला दाता घरातच राहतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या घरात नेमकी उलट अडचण असते. तेथे रुग्ण 'बी' गटाचा आणि दाता 'ए' गटाचा. या दोन घरांची गाठ पडली तर दोघांचेही काम होते. ती पडावी कशी, आणि अशी घरे दोन नसून दोनशे असतील तर कोणाची गाठ कोणाशी घालावी, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा कमी आणि गणिताचा अधिक आहे.

उपलब्ध साधने मर्यादित, अटी अनेक आणि त्यातून सर्वांत चांगला पर्याय निवडायचा, अशा प्रश्नांसाठी गणितात 'ऑप्टिमायझेशन' अर्थात इष्टतमीकरण ही शाखा आहे. विमानकंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे वेळापत्रक, तेलशुद्धीकरण कारखान्यातील मिश्रणे, मालवाहू गाड्यांचे मार्ग ही तिची नेहमीची कार्यक्षेत्रे. मूत्रपिंडांची अदलाबदल हे त्यामानाने अलीकडचे क्षेत्र असून या शाखेचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा दोन्ही येथे एकाच वेळी दिसतात.

साधी अडचण, अवघड निवड

मूत्रपिंड जुळण्यासाठी प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली रक्तगट. 'ओ' गटाचा दाता कोणालाही मूत्रपिंड देऊ शकतो, 'एबी' गटाचा रुग्ण कोणाचेही घेऊ शकतो. 'ए' आणि 'बी' मात्र परस्परांना चालत नाहीत. दुसरी गोष्ट रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडांची. पूर्वीचे प्रत्यारोपण, वारंवार दिलेले रक्त किंवा गर्भारपण यांमुळे काही रुग्णांच्या शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. रक्तगट जुळूनही अशा रुग्णाला एखाद्या विशिष्ट दात्याचे मूत्रपिंड चालत नाही. ही चाचणी रुग्णालयात 'क्रॉसमॅच' या नावाने ओळखली जाते.

आता चार जोडपी घेऊ. क आणि ग या जोडप्यांत रुग्ण 'ए' गटाचा व दाता 'बी' गटाचा आहे. ख आणि घ या जोडप्यांत याच्या उलट. रक्तगटाने पाहता क व ख, ख व ग, ग व घ, तसेच क व घ अशी अदलाबदल होऊ शकेल. पण क मधील रुग्णाच्या रक्तात घ मधील दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, म्हणजे ती जुळणी बाद. समजा, ख आणि ग ही दोन कुटुंबे एकाच रुग्णालयात उपचार घेत आहेत. तेथील डॉक्टरांच्या लक्षात येते की यांचे जमते. ते आनंदाने शस्त्रक्रिया उरकतात. दोन रुग्ण बरे होतात. पण क आणि घ यांच्यासाठी आता कोणीच उरत नाही. तेच जर क ला ख शी आणि ग ला घ शी जोडले असते, तर चारही रुग्णांना मूत्रपिंड मिळाले असते.

यात डॉक्टरांची चूक काहीच नाही. समोर दिसलेली चांगली संधी त्यांनी घेतली. मात्र प्रत्येक पावलावर दिसेल ते उत्तम घेत गेल्याने शेवटचा हिशेब उत्तम होतोच असे नाही, हे येथे चार कुटुंबांतच दिसून येते. जोडप्यांची संख्या वाढली की डोळ्यांनी पाहून ठरविणे अशक्यच होते. वीस जोडप्यांच्या दोन-दोन करून दहा गाठी घालायच्या म्हटल्या तर त्याचे 65 कोटी 47 लाखांहून अधिक प्रकार होतात. त्यातील बहुसंख्य वैद्यकीयदृष्ट्या बाद होतील, पण कोणते, हे शोधण्यासाठीच पद्धत हवी.

ती पद्धत कॅनडात काम केलेले गणिती जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये दिली. मूत्रपिंडांशी तिचा तेव्हा काही संबंध नव्हता. एका जाळ्यातील बिंदूंच्या जास्तीत जास्त जोड्या कशा लावाव्यात, हा निव्वळ गणिती प्रश्न त्यांनी सोडविला होता. मूत्रपिंडांच्या अशा अदलाबदलीची कल्पना अमेरिकेतील डॉ. फेलिक्स रापापोर्ट यांनी 1986 मध्ये मांडली आणि दक्षिण कोरियात 1991 मध्ये ती प्रत्यक्षात आली. ही दोन टोके जुळायला 2004 साल उजाडले. अर्थशास्त्रज्ञ अल्विन रॉथ, तायफुन सोनमेझ आणि उत्कू उन्व्हर यांनी त्या वर्षी मूत्रपिंड अदलाबदलीचा आराखडा प्रसिद्ध केला आणि न्यू इंग्लंड भागातील शल्यचिकित्सकांसह तो अमलात आणण्यास सुरुवात केली. रॉथ यांना 2012 मध्ये लॉइड शॅपली यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शॅपली यांनी डेव्हिड गेल यांच्यासह 1962 मध्ये वधूवरांच्या टिकाऊ जोड्या कशा लावाव्यात, यावर निबंध लिहिला होता. आपल्याकडील वधूवर सूचक मंडळांनी तो वाचलेला दिसत नाही.

दोनाच्या ऐवजी तीन

अदलाबदल दोघांतच व्हावी असे नाही. पहिल्याचा दाता दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला आणि तिसऱ्याचा पहिल्याला, असे वर्तुळही चालते. कागदावर वर्तुळ कितीही मोठे काढता येईल. शस्त्रक्रियागृहात मात्र ते येत नाही. अवयवदान कोणाकडूनही सक्तीने करवून घेता येत नाही. आपल्या माणसाला मूत्रपिंड मिळाल्यावर एखाद्या दात्याने मन बदलले तर दुसऱ्या कुटुंबाने आपला दाताही गमावलेला असतो. म्हणून सर्व शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करण्यात येतात. दोन जोडप्यांसाठी चार शस्त्रक्रियागृहे आणि चार पथके लागतात, तीन जोडप्यांसाठी सहा. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तीनच्या पुढे सहसा जात नाहीत.

ही व्यवहारातील अट गणिताला फार महाग पडते. वर्तुळे दोघांपुरतीच असली तर एडमंड्स यांची पद्धत लागू पडते. वर्तुळावर कसलीच मर्यादा नसली तरीही उत्तर झटपट काढता येते. पण 'जास्तीत जास्त तीन' असे म्हटले की हाच प्रश्न अत्यंत कठीण प्रश्नांच्या वर्गात जाऊन बसतो. सर्व उदाहरणांसाठी तो वेगाने सोडविणारी पद्धत कोणालाही सापडलेली नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये दहा हजार जोडप्यांएवढ्या नमुन्यांवर उत्तर काढून दाखविले, ते प्रश्नाची विशिष्ट रचना हेरून.

या कामामागे जी यंत्रणा आहे, ती 'लिनिअर प्रोग्रॅमिंग'ची. जॉर्ज डँट्झिग या अमेरिकी गणितीने 1947 मध्ये तिची 'सिम्प्लेक्स' ही पद्धत शोधली. सर्व अटी एकत्र मांडल्या की एखाद्या अनेक पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखी आकृती तयार होते आणि उत्तम उत्तर तिच्या कोणत्या तरी कोपऱ्यावर असते. सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. कोपऱ्यांची संख्या अफाट असेल तर हा प्रवास फार लांबू शकतो, हे 1972 मध्ये सिद्ध झाले. पुढे 1984 मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील नरेंद्र करमरकर यांनी हिऱ्याच्या आतून वाट काढणारी पद्धत मांडली. ग्वाल्हेरला जन्मलेले आणि मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेतलेले करमरकर तेव्हा तिशीही ओलांडलेले नव्हते. आज या प्रकारची गणिते सोडविणाऱ्या बहुतेक संगणक प्रणालींमध्ये सिम्प्लेक्सच्या जोडीने 'आतल्या वाटे'च्या पद्धती असतात.

मूत्रपिंडांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तीन जोडपी अशी आहेत की कोणत्याही दोघांची अदलाबदल होऊ शकते आणि परवानगी फक्त दोघांपुरती आहे. लिनिअर प्रोग्रॅमिंगला विचारले तर ते सांगते, प्रत्येक अदलाबदल अर्धी-अर्धी करा, एकूण दीड होईल. गणिताच्या दृष्टीने उत्तर बिनचूक आहे! अर्धे मूत्रपिंड देता येत नाही, ही अट आपण सांगायची असते. ती सांगितली की उत्तर एकावर येते आणि एक जोडपे मागे राहते. पूर्ण संख्यांची ही अटच साऱ्या कष्टांचे मूळ आहे.

'उत्तम' म्हणजे काय?

डँट्झिग यांनी स्वतःवर केलेला एक प्रयोग येथे सांगण्याजोगा आहे. वजन कमी करण्यासाठी त्यांनी संगणकाकडून आहार ठरवून घेण्याचे मनावर घेतले. पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून अन्नाच्या वजनातून त्यातील पाण्याचे वजन वजा करून जे उरेल, ते जास्तीत जास्त असावे, अशी अट त्यांनी घातली. संगणकाने रोजच्या आहारात पाचशे गॅलन व्हिनेगर सुचविले. माहितीच्या तक्त्यात व्हिनेगरमधील पाण्याचा आकडा शून्य धरला होता. संगणकाने दिलेल्या माहितीवर, सांगितलेल्या उद्दिष्टानुसार चोख काम केले होते.

व्हिनेगर हसण्यावारी नेता येते. मूत्रपिंडांच्या बाबतीत उद्दिष्ट ठरविणे म्हणजे कोणी थांबायचे ते ठरविणे. जास्तीत जास्त प्रत्यारोपणे, हे उद्दिष्ट वरवर निर्विवाद वाटते. पण ज्या रुग्णाच्या शरीरात प्रतिपिंडे फार आहेत, त्याला शंभरातून एखादाच दाता चालतो. केवळ संख्या मोजणारे गणित तो दाता दुसऱ्या कोणाला देऊन मोकळे होईल. ज्याला कोणीही चालले असते, त्याला तो मिळेल आणि ज्याला दुसरे कोणीच नाही, तो तसाच राहील. म्हणून अशा रुग्णांना, तसेच लहान मुलांना जादा गुण देण्याची पद्धत अनेक देशांत आहे. ते गुण किती असावेत, याचे उत्तर कोणत्याही समीकरणातून निघत नाही. ते डॉक्टर, समाज आणि शासन यांनी उघडपणे ठरवायचे असते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते संगणकाचा खरा उपयोग येथे आहे : नियम लिहावा लागतो. लिहिलेला नियम तपासता येतो, त्यावर भांडता येते. वशिल्याची चिठ्ठी तपासता येत नाही.

ब्रिटनची व्यवस्था या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे देशभरातील जोडप्यांची माहिती एकत्र करून दर तीन महिन्यांनी जुळणी करण्यात येते. त्यासाठीची प्रणाली ग्लासगो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञांच्या साह्याने विकसित झाली. प्रत्यारोपणांची संख्या हा तेथे एकमेव निकष नाही. तिघांचे वर्तुळ निवडताना त्यात दोघांची एखादी अदलाबदल दडलेली असेल तर त्याला प्राधान्य मिळते. कारण ऐनवेळी क्रॉसमॅच बिघडली किंवा कोणी आजारी पडले तर वर्तुळ मोडते. निदान दोघांचे तरी काम व्हावे. जुळलेल्या जोड्यांपैकी बऱ्याच प्रत्यक्षात शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचत नाहीत, या अनुभवातून आलेले हे शहाणपण आहे.

तीन महिनेच का, हाही हिशेबाचाच भाग. जास्त थांबले तर जोडपी जास्त जमतात आणि जुळण्या वाढतात. पण थांबणारा रुग्ण डायलिसिसवर असतो. अमेरिकेत काही यंत्रणा याहून कितीतरी लवकर-लवकर जुळणी करतात. तेथे आणखी एक अनुभव आला. जी जोडपी सहज जुळतात, त्यांची अदलाबदल रुग्णालये स्वतःच उरकू लागली आणि मध्यवर्ती यादीत अवघड जोडपीच पाठवू लागली. 'ओ' गटाचे रुग्ण अशा यादीत साचतात, कारण 'ओ' गटाचा दाता बहुधा आपल्याच माणसाला थेट मूत्रपिंड देऊन गेलेला असतो. अपुऱ्या यादीवर गणित कितीही उत्तम चालविले तरी उत्तर अपुरेच येते.

भारतात 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि अदलाबदलीला कायद्याचा स्पष्ट आधार मिळाला. त्याचे नियम 2014 मध्ये आले. अहमदाबादच्या मूत्रपिंड संस्थेने एकाच केंद्रात अशा शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने केल्या आहेत. मुंबईतही अदलाबदलीची नोंदणी करणारी व्यवस्था उभी राहिली. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेने 2025 मध्ये देशभर एकसमान अदलाबदल योजना राबविण्याविषयी राज्यांना कळविले. अडचण तीच, यादीची. एकाच रुग्णालयाच्या यादीत पंधरा-वीस जोडपी असतील तर चांगल्यात चांगली प्रणालीही फार काही करू शकत नाही. वर दिलेल्या उदाहरणातील क आणि घ एका शहरात, ख आणि ग दुसऱ्या शहरात असतील, तर चौघांचा हिशेब मांडणार कोण?

कायद्यानुसार प्रत्येक दाता आपल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक असावा लागतो. पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांचा त्यात समावेश होतो. वैद्यकीय कारणाने थेट दान शक्य नसल्याचे दाखवावे लागते आणि शस्त्रक्रियेपूर्वी प्राधिकार समितीची मान्यता घ्यावी लागते. पैशाची देवघेव हा गुन्हा आहे. घरातील दाता जुळत नाही म्हणून परत पाठविण्यात आलेल्या कुटुंबांनी आपल्या मूत्रपिंडविकार तज्ज्ञाकडे किंवा रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकाकडे अदलाबदलीच्या नोंदणीची चौकशी करावी. रुग्ण आणि दाता या दोघांच्याही नावाची, रक्तगटाची आणि तपासणी अहवालांची नोंद एकत्र व्हावी लागते. ती झाल्याखेरीज हे जोडपे कोणत्याही जुळणीत येत नाही.