लाल ठिपक्याला फुटलेली शिंगं

एका मित्राने दोन रायफल स्कोप माझ्या हातात ठेवले. तो छंद म्हणून एअर रायफल चालवतो. म्हणाला, "तू फिजिक्सवाला ना? यातला कुठला ठेवू आणि कुठला परत पाठवू, सांग." दोन्ही ३-९×४०, म्हणजे तिप्पट ते नऊपट मोठं दाखवणारे, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं. दोन्हींत रेटिकलच्या मध्यावर लाल ठिपका पेटतो. (ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत असे स्कोप चालत नाहीत. स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं ते भिंगाशिवायच्या, छिद्रातून बघायच्या साईटवर.)

दापोड्यात आमच्या गच्चीवरून समोर गोदामाची भिंत दिसते, त्यावर मोठा आकडा रंगवलेला आहे. रायफल नाही, नुसता स्कोप ट्रायपॉडवर बांधला. तिन्हीसांजेला 'अ' बघितला. ठिपका स्वच्छ. जेवून येऊन 'ब' बघितला. ठिपक्याला चक्क शिंगं फुटलेली! 'ब' बाद, असा निकाल मी देऊनही टाकला.

मग धाकटी बहीण सहज डोकावली आणि म्हणाली, "शिंगं कुठायत? गोल तर आहे."

आता तुम्हीच विचार करा, माझं काय चुकलं?

पहिली गोष्ट, डोळा. शिंगं दिसली की मान हळूच तिरकी करा. शिंगं मानेबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्यातला, बहुधा अ‍ॅस्टिग्मॅटिझम. मान स्थिर ठेवून स्कोप फिरवल्यावर ती स्कोपबरोबर फिरली, तर दोष स्कोपचा. माझी मानेबरोबर फिरली. चष्मा लावल्यावर जवळजवळ गेलीच.

दुसरी, क्रम. 'अ' संधिप्रकाशात बघितला, 'ब' अंधारात. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्याचे दोष जास्त उघडे पडतात. शिवाय डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. त्यात गोदामाचा एक फ्लडलाइट डोळ्यावर आला की घड्याळ पुन्हा शून्यापासून.

तिसरी, बटणावरचा आकडा. दोन्ही स्कोप '३' वर ठेवले म्हणजे उजेड सारखा झाला, हे मी गृहीत धरलं. हा आकडा काही मोजमापाचं एकक नाही. 'ब' मुळातच जास्त उजळ होता.

चौथी, झूम. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले झूम, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. तिप्पटला १३.३ मिलिमीटर, नऊपटला ४.४. अंधारात बाहुली साधारण ७ मिलिमीटर उघडते. म्हणजे नऊपटला बाहुली पूर्ण भरत नाही आणि दृश्य सुमारे ४० टक्के उजेडावर येतं. माझ्या दोन्ही स्कोपांत रेटिकल झूमच्या मागे, डोळ्याच्या बाजूला आहे, त्यामुळे ठिपका तेवढाच उजळ राहतो. तोच ठिपका नऊपटला डोळ्यात खुपतो. तुलना एकाच झूमवर करा, आणि दोन्ही टोकांना करा.

मग चांगलं रेटिकल ओळखायचं कसं? आधी मागची रिंग फिरवून रेटिकल तुमच्या डोळ्याला स्पष्ट करून घ्या. काळोखात सगळ्यात मंद पायरी लावा. एवढ्यावरही लक्ष्य झाकलं जात असेल तर ती पायरी निरुपयोगी. नळीच्या आत लालसर धुकं किंवा दुसरा भुताटकी ठिपका दिसतो का ते बघा. डोळा मध्यापासून थोडा सरकवा, उजेड एकदम मावळतो का? भर दुपारी सगळ्यात प्रखर पायरी लावून बघा. आणि मोबाइलच्या फोटोवरून निकाल देऊ नका, कॅमेरा एक्स्पोजर आपोआप बदलतो आणि ठिपका फुगवून दाखवतो.

दुसऱ्या रात्री पुन्हा केलं. अर्धा तास अंधारात बसलो, चष्मा लावला, ठिपके डोळ्यांना सारखे उजळ दिसतील असे लावले. कुठला स्कोप समोर आहे हे बहिणीने मला सांगितलं नाही, क्रमही नाणं उडवून तिनेच ठरवला. लाल धुकं दर वेळी एकाच स्कोपमध्ये सापडलं. तो 'अ' निघाला.

'ब' मित्राकडेच राहिला. पहिल्या रात्री त्याने माझं ऐकलं असतं, तर चांगला स्कोप परत गेला असता आणि धुक्याचा त्याच्या रायफलवर बसला असता. तुमच्या प्रयोगशाळेत उपकरणावर दोष टाकण्याआधी एकदा मान तिरकी करून बघा.