तात्यापाऱ्याचे शिवराय

रायपूरच्या जी. ई. रोडवर, तात्यापारा चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. शिवजयंतीला त्याला हार घालायला शहरभरातली मराठी मंडळी जमतात. हा रस्ता नागपूरकडून येतो, आणि इथला मराठी समाजही मुख्यतः तिकडूनच आला.

आधी आले नागपूरकर भोसल्यांचे सैन्य. १७४१मध्ये त्यांचे सेनापती भास्करपंत यांनी छत्तीसगडचे तेव्हाचे मुख्य ठाणे रतनपूर घेतले. १७५८ ते १७८७ बिंबाजी भोसले तिथे नांदले. रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. मागाहून सुभेदारी आली. तिचा सारा डोळा वसुलीवर, आणि रयतेने त्याचा जाच सोसला. पुतळ्यापुढे हात जोडताना हेही आपण विसरू नये. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशी ज्यांची शिकवण, त्यांच्या नावाला तो कारभार शोभणारा नव्हता.

१८१८नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले. मग कारकून, मास्तर, वकील येत राहिले, आणि या समाजाने छत्तीसगडचे देणे फेडायला सुरुवात केली ती लेखणीने. १९००मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे, तिघेही मराठी! मासिक तीनच वर्षे चालले, पण हिंदीत पुस्तक-समीक्षेचा पाया घालणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट त्यातच १९०१मध्ये छापली गेली. हिंदीतली पहिली कथा म्हणून अनेक अभ्यासक तिच्याकडे बोट दाखवतात. टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदी वाचकांपर्यंत नेले तेही सप्र्यांनीच. राजद्रोहाच्या आरोपाखाली १९०८मध्ये त्यांना अटक झाली. १९२६मध्ये रायपुरातच ते गेले. लाख्यांनी पुढे इथे सहकारी चळवळ उभी केली.

आपली भाषा घरात जपायची आणि गावाच्या भाषेत गावासाठी राबायचे, ही या माणसांची रीत मला फार मोठी वाटते. १९३५पासूनचे महाराष्ट्र मंडळ तोच वसा चालवते. मंडळाची संत ज्ञानेश्वर शाळा आहे, दिव्यांग मुलींसाठी विकासगृह आहे.

रायपूरकर मराठी बांधवांना एकच विनंती. येत्या शिवजयंतीला तात्यापाऱ्यात पोवाडा जरूर गा. त्यानंतर सप्र्यांची ती छोटी कथा मुलांकडून तिथेच, हिंदीतच वाचून घ्या.