विश्लेषण : जुन्या पिकअपला नवे इंजिन बसले, मग प्रोपेलर शाफ्ट का अडतो?

अमेरिकेत जुन्या पिकअपमध्ये नवे इंजिन बसवण्याचा छंद मोठा आहे. शेव्हर्लेची १९६७ ते १९७२ दरम्यानची सी-१० ही त्यातली खास आवडती. जुने इंजिन आणि तीन गिअरचा टीएच-३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढायचा. मग भंगारात गेलेल्या सिल्व्हरॅडोचे एलएस मालिकेतील व्ही-८ इंजिन आणि चार गिअरचा ४एल६०ई गिअरबॉक्स चढवायचा. इंजिन सुरू होते, गिअर पडतो. पण ताकद मागच्या चाकांकडे नेणारा जुना प्रोपेलर शाफ्ट बसत नाही. किंवा कसाबसा बसतो, आणि ते जास्त वाईट.

लांबी किती बदलते?

आखूड शेपटाचा टीएच-३५० साधारण २७.७ इंच लांब, तर ४एल६०ई साधारण ३०.७ इंच. म्हणजे इंजिन मूळ जागी राहिले तरी शाफ्ट तीन इंच कापावा लागतो. सुदैवाने दोन्ही गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर २७ खाचा असल्याने त्यावर सरकणारा जुना स्लिप योक चालून जातो. दणकट ४एल८०ई निवडला तर खाचा ३२, म्हणजे योकही नवा.

खड्ड्यात अ‍ॅक्सल वर-खाली होतो तेव्हा हा योक गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकतो. शाफ्ट लांब असेल तर तो तळाला टेकतो आणि धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो. आखूड असेल तर खाचांवरची पकड घटते. म्हणून योक पूर्ण आत ढकलून पाऊण ते एक इंच बाहेर ओढायचा आणि मग माप घ्यायचे. तेही गाडी चाकांवर उभी असताना. फ्रेमला जॅक लावला की अ‍ॅक्सल खाली लोंबतो आणि सगळे माप फसते.

कोनाचे काय?

शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतो. आपल्याकडच्या गॅरेजमधला ‘क्रॉस’ तो हाच. तिरक्या कोनात फिरताना क्रॉस दर फेरीत शाफ्टला दोनदा वेगवान आणि दोनदा मंद करतो. पुढच्या क्रॉसने केलेला हा गोंधळ मागचा क्रॉस निस्तरतो. पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि शाफ्टची दोन्ही टोके एका रेषेत वेल्ड केली असतील तरच. नव्या माउंटिंगवर इंजिनाचा कल बदलतो, तेव्हा नेमके हेच बिघडते. गिअरबॉक्स मागे ३ अंश खाली झुकला असेल तर डिफरन्शियलचे तोंड ३ अंश वर हवे. मोबाइलमधल्या लेव्हल अ‍ॅपनेही याचा अंदाज येतो.

क्रॉसवरचा कोन ३ अंशांच्या आत ठेवतात. शून्यही चालत नाही. किमान अर्धा अंश नसेल तर आतले सुईसारखे रोलर फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डा पाडतात. पुढचा आणि मागचा योक वेगळ्या मापाचे निघाले, तर दोन मापांच्या टोप्यांचा क्रॉस मिळतो.

टॅकोमीटर का फसवतो?

टीएच-३५०च्या वरच्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट जवळपास सारखेच फिरत. ४एल६०ईच्या चौथ्या गिअरचे प्रमाण ०.७० आहे. म्हणजे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना शाफ्ट सुमारे २८५० घेतो. शाफ्टचा वेग ठरतो तो गाडीचा वेग, टायर आणि डिफरन्शियलवरून. पूर्वी इंजिन ओरडून चालकाला आवरायचे. आता ते शांत असते आणि काटा पुढे सरकत राहतो.

लांब, बारीक नळी एका ठरावीक वेगाला मधोमध धनुष्यासारखी वाकू लागते. लांबी १० टक्के वाढली तर ही मर्यादा सुमारे १७ टक्के खाली येते. त्यामुळे लांब गाडीला जाड नळी किंवा मध्ये बेअरिंग असलेला दोन तुकड्यांचा शाफ्ट लागतो. कापून जोडलेला शाफ्ट मशीनवर बॅलन्स न करता बसवणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचे टोक धावत्या गाडीखाली रस्त्यात रुतू शकते. म्हणूनच अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगच्या नियमांत वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती पोलादी कडे सक्तीचे आहे, पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत.